उत्तर फ्रान्सची चौकशी

माझं नाव केशरबाई. माहेर डिंगोरे, सासर पिंपळवंडी. आजवर बेचाळीस लग्नं जमवली मी, आन् त्यातली एकेचाळीस टिकली. फुशारकी म्हणून सांगत न्हाई. जे मोडलं ते माझ्या सख्ख्या भाचीचं व्हतं.

आमच्याकडं पोरगी द्यायची म्हंजे आधी चौकशी. आता काही शहाण्यांना वाटतं, पावण्यांच्या घरी जाऊन पोहे खाल्ले की झाली चौकशी. अरे, घरातली माणसं घराबद्दल वाईट सांगतील का? खरी चौकशी व्हते त्या गावच्या न्हाव्याकडं, पिठाच्या गिरणीत, डेअरीवर आन् बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्याकडं. पाणी कुठलं, जमीन कशी, भाऊबंदांत कोर्टकचेरी हाय का, पोराला पिण्याचा नाद हाय का, सासू सुनंला जेवायला कधी बसवते, हे सगळं इचारायचं. लाजायचं न्हाई.

तर झालं असं, की माझा धाकटा भाऊ नवनाथ, डिंगोऱ्याला असतो, त्याची धाकटी पोरगी प्राची शेतीची पदवी घेऊन बसली व्हती. बावीस वर्षांची. तिला फ्रान्समधून पत्र आलं. फ्रान्सच्या उत्तरंला लिल म्हणून शहर हाय, तिथं बटाट्याच्या बियाण्याचं दोन वर्षांचं शिक्षण. फी माफ, राहणं-खाणं स्कॉलरशिपमधून. फक्त येत्या सोमवारपर्यंत येणार का न्हाई ते कळवायचं व्हतं.

नवनाथ म्हणला, "न्हाई."

का न्हाई? तर त्याचं एकच. "नगरला द्यायची असती तरी चार गावं फिरलो असतो. तिथली चौकशी कोण करणार? ना गाव ठाऊक, ना माणसं. डोळं झाकून पोरगी पाठवायची व्हय? एकदा पाठवून बघितली ना."

हे शेवटचं त्यानं माझ्याकडं न बघता म्हणलं. मी तिथंच मेथी निवडत बसले व्हते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मेथीची जुडी बाजूला ठेवली आन् म्हणलं, "चौकशीच पाहिजे ना? मी करते. रविवारी सगळ्यांसमोर सांगते. मंग तर बोलशील?"

"आक्का, तू फ्रान्सची चौकशी करणार?" त्याला हसू आलं.

"का? तिथं माणसंच राहतात ना?"

प्राचीनं पण बापाला सांगून टाकलं, दादा, तुम्ही मनापासून हो म्हटलं तरच जाईन, भांडून जायचं नाही मला. गुणाची पोर. पण म्हंजे सगळं माझ्या सांगण्यावर आलं. मी नीट सांगितलं तर पोरगी जाणार, न्हाई तर पुढल्या वर्षी हिचं लग्न लावून मोकळे व्हणार.

आता ते मोडलेलं लग्न सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं न्हाई. नवनाथची थोरली पोरगी समृद्धी. तिचं स्थळ मी आणलं. जमीन बागायती, पोराला कंपनीत नोकरी, घर टोलेजंग. मी चौकशीला गेले तेव्हा त्यांच्या शेजारणीनं मला खळ्यात नेऊन हळूच सांगितलं, "पोरगा तापट हाय बाई. भावजयीवर हात उचललाय त्यानं." मी ऐकलं. आन् मनात म्हणलं, लग्न झालं की व्हतो सरळ. स्थळ हातचं जाईल म्हणून ते मी कुणाला सांगितलं न्हाई. दीड वर्षानं समृद्धी मनगट मोडून माहेरी आली. चार वर्षं झाली. घरात सगळे समजत व्हते, आक्कालाबी फसवलं त्या लोकांनी. मला कुणी फसवलं नव्हतं. मला ठाऊक व्हतं.

म्हणून ह्या येळंला मी ठरवलं, जे कळंल ते सगळं सांगायचं. एक अक्षर गाळायचं न्हाई.

कामाला लागले. आधी प्राचीला मोबाईल घेऊन समोर बसवली. ती वाचायची, मी इचारायची. तिचं ते वाचन असं, की लोकसंख्या इतकी, क्षेत्रफळ इतकं. मी म्हणलं, "ते ऱ्हाऊ दे. पाणी कुठलं?" ती म्हणली, "आत्या, तिथं वर्षभर पाऊस पडतो, थोडा थोडा." मी म्हणलं, "जमीन?" "सपाट. सुपीक. फ्रान्सचा निम्म्याहून जास्त बटाटा तिथंच पिकतो. बीट, गहू, जवस." "आन् घराणं?" पोरगी गोंधळली. मी म्हणलं, "अगं, आधी ते कुणाचे व्हते, कुणाच्या ताब्यात गेले, शेजाऱ्याशी कसं हाय, ते घराणंच की!" मंग तिला बरोबर कळलं. हुशार हाय.

पण मोबाईलवर सगळं त्यांच्याच घरचं लिहिलेलं. ते चांगलंच लिहिणार. मला पाहिजे व्हता बांधावरचा शेजारी. नकाशा उघडायला लावला, तर लिलच्या बांधाला बेल्जियम. आन् मला एकदम आठवलं, आमच्या पिंपळवंडीतली हर्षाली बेल्जियमात दिली की! नवरा कॉम्प्युटरमध्ये, ती फ्रोझन बटाट्याच्या कारखान्यात लॅबला. तिच्या आईकडं जाऊन नंबर काढला. फोन लावला तर ती म्हणली, "केशरकाकू, लिल आमच्यापासून गाडीनं अर्धा तास. आम्ही बाजाराला जातो तिथं."

मी म्हणलं, "बाई, मला चांगलं सांगू नगंस. वाईट सांग."

पाच दिवस रोज दुपारी फोन. त्या पोरीनं डबा खाता खाता मला सगळं सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. सातवी शिकलेय मी, अक्षर वळणदार हाय.

शनिवारी डिंगोऱ्याला मुक्कामी गेले. वही प्राचीनं वाचली आन् तिचा चेहराच उतरला. "आत्या, खाणीतलं नको ना सांगू. बसमधलं तर अजिबात नको. दादा जागच्या जागी नाही म्हणतील." तिची आई भागूबाई, तीबी मागं लागली. "आक्का, एवढं खरं कशाला? पोरीचं कल्याण व्हतंय. थोडं झाका की."

"झाकणार न्हाई," मी म्हणलं. "झाकायचं असंल तर दुसरी बाई बगा."

भागू रागावली. म्हणली, "तुमाला काय, तुमी उद्या पिंपळवंडीला निघून जाल." बोलली ते खोटं नव्हतं. पण मी हटले न्हाई.

रविवारी दुपारी जेवणं झाली आन् सगळे पडवीत बसले. नवनाथ, भागू, प्राची, आन् आमचे चुलते नानासाहेब. नानांचं वय अठ्ठ्याऐंशी, पण घरातलं कुठलंबी स्थळ त्यांच्या इचारण्यातून सुटलेलं न्हाई. समृद्धी आतल्या दाराच्या उंबऱ्याशी बसली व्हती, शेंगा फोडत. परत आल्यापासून ती बैठकीत पुढं बसत न्हाई.

नाना म्हणले, "हां, बोल केशर. गाव कसं हाय?"

मी वही उघडली. "सपाट हाय नाना. डोंगर म्हणून जे दिसतात ते माणसांनी केलेले. खाली कोळसा व्हता. अडीचशे वर्षांच्या वर खणला. खणून काढलेला दगड-मुरूम वर टाकला, त्याच्या काळ्या टेकड्या झाल्या. आपल्या लेण्याद्रीएवढ्या न्हाईत, पण त्या रानात लांबनं दिसतात."

"खाण चालू हाय?"

"न्हाई. नव्वद साली शेवटची बंद झाली. आन् आता वाईट ऐका. एकोणीसशे सहा साली एका खाणीत स्फोट झाला, अकराशेच्या आसपास माणसं एका दिवसात मेली. बारा-चौदा वर्षांची पोरंबी त्यात व्हती."

भागूनं कपाळाला हात लावला. प्राची खाली बघत बसली.

नाना म्हणले, "मूळचं घराणं कुणाचं?"

"अर्धं शेजाऱ्याचंच. हे सगळं फ्लांडर्स म्हणून मुलूख व्हता. मंग स्पेनच्या राजाकडं गेला. मंग फ्रान्सच्या राजानं वेढा घालून लिल घेतलं. कधी, तर आपले महाराज आग्र्याहून सुटून आले ना, त्याच्या पुढच्याच साली."

"आरं तिच्या!" नाना सरसावून बसले. "म्हंजे तवा तिकडंबी हेच चाललं व्हतं."

"सारखंच चाललं व्हतं. गेल्या सव्वाशे वर्षांत दोन महायुद्धं झाली, तीबी त्यांच्या रानातच झाली. पहिल्या युद्धात गावंच्या गावं मातीत गेली, चर्चचा एक दगड ऱ्हायला न्हाई. आपल्या देशाचे शिपाईबी तिथं मेलेत, त्यांची नावं कोरलीत दगडावर. हर्षाली बघून आली. अजून नांगरताना बॉम्ब निघतात शेतात."

"बॉम्ब?" नवनाथ पहिल्यांदा बोलला.

"व्हय. सरकारी माणसं येतात, उचलून नेतात. वर्षाला ढीगभर निघतात. खोटं कशाला सांगू?"

त्यानं भागूकडं बघितलं. भागूनं माझ्याकडं असं बघितलं की मला कच्चं खाईल. मी पान उलटलं.

"पोटापाण्याचं काय?" नाना.

"कोळसा व्हता तवर लोक पोलंडहून, मोरोक्कोहून कामाला यायचे. दुसरं म्हंजे कापडाच्या गिरण्या. लोकर, सूत, जवसाच्या धाग्याचं कापड. एकेका गावात शेकड्यानं धुराडी. आपल्या मुंबईतल्या गिरण्या गेल्या, तशाच त्यांच्याबी गेल्या. अजून सावरले न्हाईत सगळे. बाकी फ्रान्सपेक्षा तिथं बेकारी जास्त हाय. काही वस्त्या गरीब हायेत, रात्री एकटीनं फिरू नये अशा. पिणारेबी जास्त."

नवनाथ म्हणला, "झालं! ऐकलं का? गरीब, बेकार आन् पिणारे. आन् बॉम्ब. आक्का, तू पोरगी पाठवायला आलीस का अडवायला?"

"पुरं ऐक," मी आवाज चढवला. "इचारलंस ना? मंग ऐक. खाणी गेल्या म्हणून ती माणसं रडत बसली न्हाईत. एका खाणीच्या जागी भलंमोठं म्युझियम बांधलं, काळ्या टेकड्यांवर झाडं लावली, आता पोरं तिथं पळायला जातात. गिरण्यांत कॉलेजं काढली. आन् शेती! बटाट्याचं बेणं तिथून देशोदेशी जातं. आपण बेण्यासाठी दर साली पंजाबच्या ट्रकची वाट बघतो, पीक करप्यानं गेलं की कपाळाला हात लावतो. ही पोरगी तेच शिकून येणार हाय."

नाना म्हणले, "सण-वार काय?"

मला हेच पाहिजे व्हतं. "नाना, त्यांच्यात वेताचे बाहुले असतात. दुमजली घराएवढे. आत माणसं शिरतात आन् गावातनं नाचवत नेतात. प्रत्येक गावाचा आपला बाहुला. आन् त्यांची लग्नं लावतात! वऱ्हाड येतं, पोरंबी व्हतात, त्या पोरांचे छोटे बाहुले करतात."

"म्हंजे बाहुल्यांची स्थळं बघायला तुझ्यासारखी कुणीतरी असंल तिथं," नाना हसले.

"असंलच. आन् ऐका, कोंबड्यांच्या झुंजी. बाकी फ्रान्समधे बंदी, पण तिथं बापजाद्यांची रीत म्हणून कायद्यानं सोडलंय."

"हात्तिच्या! म्हंजे आपल्या बैलगाडा शर्यतीसारखंच की." नाना खूश. "नवनाथ, माणसं आपल्यातलीच दिसतात रं."

"बोलणं आपल्यासारखंच रांगडं हाय त्यांचं," मी म्हणलं. "राजधानीवाले त्यांच्या बोलीला हसतात. पण दारात आलेल्याला कॉफी दिल्याशिवाय सोडत न्हाईत, हे हर्षालीनं स्वतः सांगितलं. आन् तिनंच हेबी सांगितलं की एकदा लिलच्या बसमधे एकजण तिला म्हणला, आपल्या देशात परत जा. बसमधल्या दोन बायांनी त्याला गप बसवलं. पण म्हणला तो म्हणलाच. थंडीत साडेचार-पावणेपाचला अंधार पडतो, चार-चार दिवस ऊन दिसत न्हाई, पोरीला घरची आठवण येणार आन् ती रडणार. हे सगळं हाय. आता काय ते ठरवा."

मी वही मिटली.

मंग नवनाथनं मान वर केली. "आक्का, बरंच केलंस तू. पण एक सांग. समृद्धीच्या येळंलाबी तू अशीच बसली व्हतीस इथं. पाणी चांगलं, जमीन चांगली, माणसं चांगली. तुझा शब्द मी कसा धरू?"

हे येणार मला ठाऊक व्हतं. आठ दिवस ठाऊक व्हतं. मनात आलं, म्हणावं, तवा मलाबी फसवलं रे त्यांनी. सगळे मानतच व्हते. तेवढं एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं.

मी म्हणलं, "त्या येळंला मी झाकलं. पोरगा मारका हाय हे मला त्यांच्या शेजारणीनं सांगितलं व्हतं. लग्नाच्या आधी. मला स्थळ सोडवंना. मी तुमाला सांगितलं न्हाई."

शेंगा फोडायचा आवाज थांबला.

नवनाथ उठला. त्याचा चेहरा लालबुंद झाला व्हता. "तुला ठाऊक व्हतं?" म्हणला. "आक्का, तुला ठाऊक व्हतं?" दुसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फाटला. भागू तोंडाला पदर लावून रडायला लागली. मला वाटलं, संपलं. माझं माहेर संपलं आन् प्राचीचं फ्रान्सबी संपलं. पण बोलले त्याचा पस्तावा न्हाई झाला, खरं सांगते. चार वर्षांनी पहिल्यांदा मी समृद्धीकडं सरळ बघितलं.

ती उठून पडवीत आली. माझ्याकडं आली न्हाई. बापासमोर उभी राहिली.

"दादा," ती म्हणली, "आत्यानं झाकलं. त्याचं मी बघते. पण तुमी त्या येळंला जमीन इचारली, पाणी इचारलं, पोराचा पगार इचारला. तुला जायचंय का, असं मला कुणी इचारलं व्हतं?"

नवनाथनं तोंड फिरवलं, तशी ती फिरून पुन्हा त्याच्या समोर आली.

"आन् आज दोन तास झाले. राजा झाला, खाण झाली, कोंबड्या झाल्या. प्राचीला कुणी इचारलं?"

खरंच सांगते, मीबी न्हाई इचारलं. आठ दिवस त्या पोरीला समोर बसवून मी बेल्जियमपातुर इचारत गेले, तिला सोडून.

नानांनी काठी जमिनीवर टेकवली आन् हळू म्हणले, "इचार रं."

नवनाथ प्राचीकडं वळला. "तुला जायचंय का, बाळा?"

"जायचंय, दादा."

"हे सगळं ऐकून?"

"हे सगळं ऐकून. आत्यानं वाईट पण सांगितलं ना, म्हणून आता भीती कमी वाटते. मला करपा कसा थांबवतात ते शिकायचंय. आणि मी परत येणार आहे."

"मंग जा," नवनाथ म्हणला. "आजच कळवून टाक. उद्याची वाट बघू नगं."

प्राची त्याच्या गळ्यात पडली. भागू रडत रडत हसत व्हती. मी उठले, पिशवी भरली. नवनाथनं मला थांब म्हणलं न्हाई. दारात एवढंच बोलला, "आक्का, तू जा आता. मला लगेच तुझ्याशी बोलता यायचं न्हाई."

"नगं बोलूस," मी म्हणलं. "तुझं बरोबर हाय."

कल्याण-नगर रस्त्यावर येऊन एसटीची वाट बघत उभी राहिले. ऊन उतरलं व्हतं. कांद्याची पिकअप एकामागं एक चालली व्हती. थोड्या येळानं बघते तर समृद्धी येत व्हती, पायात स्लिपर, हाताला शेंगांची माती तशीच. स्टॉपच्या सिमेंटच्या बाकावर बसली आन् मला शेजारी बसायला खुणावलं.

"मी तुला माफ केलं असं समजू नगंस," ती म्हणली.

"न्हाई समजत."

"ती शेजारीण काय काय बोलली ते मला सांग. पहिल्यापासून. जसंच्या तसं."

"आता त्याचा काय उपयोग, पोरी?"

"माझी चौकशी व्हती ती," समृद्धी म्हणली. "माझीच मला ठाऊक न्हाई."

तेवढ्यात आळेफाट्याची एसटी आली. थांबली. कंडक्टर दारातून ओरडला, "मावशी, चला लवकर!" समृद्धीनं माझा हात धरला न्हाई, पण नजर हलवली न्हाई. मी कंडक्टरला हातानं जा म्हणलं. गाडी निघून गेली. मंग मी तिच्याकडं तोंड करून बसले आन् सुरुवातीपासून सांगायला लागले. त्या बाईचं नाव, खळं, येळ, तिनं खाली केलेला आवाज, आन् मी तिला काय म्हणले ते.